सातासमुद्रापलीकडची मावशी

कशेडी घाटाच्या अलीकडच्या वाड्यांमधून आम्ही बोलतोय. माईकसमोर एकीचाच आवाज असला, तरी आज काय सांगायचं ते आम्ही गटाच्या बैठकीत बसून ठरवलंय, आणि त्यावरून थोडं भांडणही झालंय. म्हणून 'आम्ही' म्हटलं की सगळ्या समजा. मागच्या वेळी आम्ही आंबोशी आणि आगळ कसं टिकवायचं ते सांगितलं होतं. आजचा विषय खाण्याचा नाही, तरी त्यात पेज येणार आहे आणि पापडही येणार आहेत.

विषय आहे परदेशात भेटलेल्या माणसांचा. तुम्ही म्हणाल, या बाया पोलादपूरच्या बाजाराला जातात त्या एस.टी.ने, आणि परदेशाच्या गप्पा मारतात! खरंय. आमच्यातली एकही विमानात बसलेली नाही. पण आमच्या गटातल्या एका ताईंची लेक दोन वर्षांपूर्वी मस्कतला गेली. नर्सिंग शिकली, मुंबईत दोन वर्षं नोकरी केली, आणि तिकडच्या इस्पितळात जागा मिळाली. ती जायचं म्हणाली तेव्हा ताईंनी आठ दिवस जेवणावर राग काढला. पैशाचं भय नव्हतं त्यांना, कामाचंही नव्हतं. एकच प्रश्न होता. तिथं तिला तापबीप आला तर पाण्याचा तांब्या कोण देईल?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही आपल्या म्हणालो, फोन आहे की, रोज दिसेल. ताई म्हणाल्या, फोनमधून पाणी पाजता येतं का?

शेवटी उत्तर आलं ते महाडहून. महाड-माणगाव-श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमान घरांतले किती तरी पुरुष आखातात नोकरीला गेलेले आहेत, काही घरांत तर दोन-दोन पिढ्या. महाडच्या बाजारात आम्ही ज्यांच्याकडे गटाचे पापड ठेवतो त्या खालांना ही हकिकत कळली. त्यांनी चष्मा लावला, वही काढली आणि मस्कतला राहणाऱ्या आपल्या नणंदेचा नंबर लिहून दिला. वर म्हणाल्या, "पोरगीला सांग, पहिल्या जुम्म्याला जेवायला जायचंच. नाही गेली तर मी इथून ओरडेन." ताईंनी त्या दिवशी रात्री भाकरी खाल्ली.

एजंटाचं एक मध्येच सांगून टाकतो. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. आम्ही ते गावातल्या एका मुलाकडून पाहून घेतलं. नोंद नसेल तर पैसे देऊ नका आणि पासपोर्ट तर मुळीच हातात देऊ नका. झालं. आता पुढं.

लेक गेली, आणि तिसऱ्याच आठवड्यात तिला सणकून ताप भरला. खोलीत तिच्याबरोबर केरळातली एक नर्स होती, कोट्टयमकडची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मोडकं हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी, त्यावर चाललेलं. त्या पोरीनं आपली पाळी बदलून घेतली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि सकाळी वाटीत काहीतरी पांढरं, पातळ, वाफाळतं आणून पुढं ठेवलं. वर मीठ, बाजूला मूग आणि भाजलेला पापड. लेकीनं विचारलं, हे काय? ती म्हणाली, "कंजी." लेकीनं एक घोट घेतला आणि रडायलाच लागली. ती आपली पेज होती, बायांनो. उकड्या तांदळाची पेज. आपण आजाऱ्याला देतो ती, लावणीच्या दिवसांत सकाळी पिऊन शेतावर जातो ती.

हे लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या पोरीच्या आईला मी काय देऊ?"

इथून आमचं भांडण सुरू झालं. कारण आपल्याकडे आभार तोंडानं मानायची रीत नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर आपण धन्यवाद म्हणत नाही. तसं म्हटलं तर ती उलट रागावेल. आपण काय करतो? वाटी घासून परत देताना ती रिकामी देत नाही. गुळाचा खडा, मूठभर तांदूळ, परसातल्या चार मिरच्या, काही ना काही ठेवतोच. पण वाटी कोट्टयमची असली, ती मस्कतमध्ये दिली गेली असली आणि घेणारी पोलादपूरची असली, तर परत करायची कशी?

एक जण म्हणाली, पैसे पाठवू. तिला सगळ्यांनी गप्प केलं. एक म्हणाली, पत्र लिहू. आमच्यातली सगळ्यांत शिकलेली जी आहे तिनं तेव्हा आनंदीबाईंची गोष्ट काढली. डॉक्टर आनंदीबाई जोशी. नाव सगळ्यांना माहीत होतं. टीव्हीवर मालिका होती, शाळेच्या पुस्तकातही असतं. पहिली महिला डॉक्टर, शिकायला अमेरिकेला गेली, लवकर वारली. आम्हांला एवढंच ठाऊक. पण ती अमेरिकेत उतरली तेव्हा बंदरावर तिला घ्यायला कोण आलं होतं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नव्हता. ताईंना पडला असता, कारण त्यांची लेक दूर आहे.

तर ती गोष्ट ऐका.

आनंदीचं माहेरचं नाव यमुना. जन्म 1865 चा, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव, पोस्टात नोकरीला, बिजवर, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याला बायकोला शिकवायचं वेड होतं, आणि ते वेड काही वेळा छळाच्या पलीकडे जायचं, हेही सांगायला हवं. त्याच्या बदल्या व्हायच्या. त्यात ती आपल्या अलिबागलाही राहून गेली. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर वेळेवर मिळाला नाही, आणि बाईला दाखवायला बाई डॉक्टर तर नव्हतीच. आपण डॉक्टर व्हायचं हे तिनं तिथून धरलं.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका पाद्र्याला पत्र लिहिलं की माझ्या बायकोला शिकायचंय, मदत करा. पाद्र्याचं उत्तर काय? धर्म बदलत असाल तर बघू. एवढंच करून तो थांबला नाही, ते पत्र आणि आपलं उत्तर त्यानं आपल्या मासिकात छापून टाकलं.

आता गंमत बघा. न्यूयॉर्कजवळच्या न्यूजर्सी भागात रोझेल नावाचं गाव आहे. तिथली एक बाई दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. नंबर यायला वेळ होता. म्हणून तिथं पडलेलं ते मासिक तिनं चाळायला घेतलं. नाव थिओडिशिया कार्पेंटर. नवरा, मुलं, घरकाम, सगळं आपल्यासारखं. तिनं ते पत्र वाचलं आणि तिच्या मनात आलं की या मुलीला कुणीतरी आधार द्यायला हवा. तिनं पत्र लिहिलं. दात दुखत असताना आपण दुसऱ्याच्या लेकीचा विचार केला असता का, असं आमच्यातली एक म्हणाली. आम्ही हसलो, पण प्रश्न काही खोटा नव्हता.

मग पत्रं सुरू झाली. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नाही. एक पंधरा वर्षांची आणि एक तिच्या आईच्या वयाची. आनंदी लिहायची आपले सण, आपले उपास, बालविवाह, बायकांची दुखणी. ती तिला 'मावशी' म्हणायची. मावशी हा शब्द तिनं निवडला, हे आम्हांला फार आवडलं. आपल्याकडे म्हण आहेच, माय मरो आणि मावशी जगो. पुढं जोशी कुटुंब कलकत्त्याकडे बदलून गेलं, तिथं आनंदीची तब्येत ढासळली. डोकेदुखी, अंगात कणकण, दम लागणं. ही मावशी अमेरिकेहून तिला औषधं पाठवायची. ती जहाजानं महिन्या-दीड महिन्यानं पोचत असणार. त्या औषधांनी गुण आला नाही. पण तापलेल्या पोरीला सातासमुद्रापलीकडून कुणीतरी पुडी पाठवतंय, हे औषधाच्या वरचं काही असतं.

1883 च्या एप्रिलमध्ये आनंदी कलकत्त्याहून निघाली. एकटी. नवरा बरोबर नाही. अंगावरचे दागिने विकून भाड्याची सोय केलेली. वय अठरा. निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत तिनं भाषण केलं, त्यात सांगून टाकलं की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे श्रीरामपूर म्हणजे आपलं नगरचं नाही, बंगालमधलं. जहाजावर सोबतीला मिशनरी बायका होत्या, त्या वाटेत तिच्या मागं लागल्या धर्मासाठी. पुरते दोन महिने. 4 जूनला न्यूयॉर्कचा किनारा आला. आणि धक्क्यावर मावशी उभी.

तीन वर्षं जिचं फक्त अक्षर पाहिलं होतं ती बाई समोर. त्या पहिल्या भेटीत दोघी काय बोलल्या असतील ते आम्ही आपापल्या मनानं रंगवलं, ते काही सांगत नाही. पुढचा उन्हाळा आनंदी रोझेलच्या घरात लेकीसारखी राहिली. मावशीच्या घरात मांसमच्छी होत असणार, आनंदीनं मात्र शेवटपर्यंत शाकाहार पाळला, आणि मावशीनं तो पाळू दिला. तिनं स्वतः आपल्या पद्धतीचं जेवण रांधून त्या घरच्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना वाढलं. नऊवारी लुगड्यात थंडीनं पोटऱ्या उघड्या पडायच्या, म्हणून पुढं तिनं गुजराती पद्धतीनं गोल साडी नेसायला सुरुवात केली. मावशीनं झगा घाल असा हट्ट धरला नाही.

आम्हांला यात सगळ्यांत मोठी वाटली ती ही गोष्ट. पाद्री म्हणाला होता, बदललीस तर मदत. जहाजावरच्या बायका तेच म्हणाल्या. ही बाई धर्मानं ख्रिस्तीच, पण तिनं अट घातली नाही. हू की चू नाही. तू जशी आहेस तशी ये, जेव, शिक. अट घालून दिलेल्या मदतीचं ओझं किती असतं ते आपल्याला माहीत आहे. लग्नात आलेलं कर्ज आठवा, किंवा दिराच्या घरी काढलेले बाळंतपणाचे दिवस. बिनअटीचं देणारी माणसं आयुष्यात दोन-चारच भेटतात. आम्ही त्या दिवशी प्रत्येकीनं आपापली मोजली. कुणाच्याच हाताची पाच बोटं पुरी झाली नाहीत.

पुढं फिलाडेल्फियाला बायकांसाठीच असलेलं वैद्यकीय कॉलेज होतं, तिथं तिला प्रवेश मिळाला. तिथल्या मुख्य रेचेल बॉडली. त्यांनी तिला वर्गात घेतलं, शिष्यवृत्तीची सोय केली. कॉलेजात जपानची केई ओकामी होती, सीरियाची सबात इस्लामबुली होती. तिघींचा एकत्र काढलेला 1885 चा फोटो आहे, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. तो फोटो आमच्या शिकलेल्या मैत्रिणीनं मोबाइलवर दाखवला, आणि आम्ही तो एकमेकींच्या हातातून फिरवत बराच वेळ पाहिला. साडी, किमोनो आणि त्या सीरियाच्या बाईचा डोक्यावरचा साज.

सगळं गोड नव्हतं. फिलाडेल्फियाची थंडी तिला सोसली नाही. खाणं अंगी लागत नव्हतं. तिथंच तिला क्षयानं धरलं. नंतर गोपाळराव अमेरिकेला पोचले ते भाषणांतून तिकडच्या बायकांनाच नावं ठेवू लागले. ज्यांच्या घरी बायको राहिली, जेवली, त्यांच्याच गावात! आनंदीला किती खाली पाहावं लागलं असेल. जावई चुकला म्हणून मावशीनं लेकीला अंतर दिलं नाही, एवढं मात्र दिसतं.

11 मार्च 1886 ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्याच वर्षाच्या शेवटी आनंदीबाई परत आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांचा विभाग सांभाळायची नेमणूक झालेली होती. पण त्या कामावर रुजू झाल्याच नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

गोपाळरावांनी तिची रक्षा अमेरिकेला पाठवली, मावशीकडे. मावशीनं ती पोकिप्सी या गावात आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्याच माणसांमध्ये ठेवली आणि वर दगड बसवला. तो अजून तिथं आहे.

हे ऐकल्यावर बैठक तशीच थांबली. ताई उठून आत गेल्या. त्यांची लेक दूर आहे, आणि आम्ही त्यांच्यासमोर मेलेल्या लेकीची गोष्ट सांगत बसलो. आमचं चुकलंच. पण थोड्या वेळानं त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पुढं काय झालं? ती रमाबाई?"

तर रमाबाईंचं थोडक्यात सांगतो, जरी ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही. त्या अमेरिकेत गेल्या समारंभापुरत्या, आणि राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. गावोगाव फिरून त्यांनी इथल्या विधवांची दशा सांगितली. तिकडच्या बायकांनी त्यांना घरांत उतरवून घेतलं, सभा भरवल्या, आणि बोस्टनमध्ये 1887 साली मंडळ काढलं. मंडळानं वचन दिलं की दहा वर्षं आम्ही तुमच्या शाळेचा खर्च चालवू. गावागावांत मंडळं करून बायकांनी छोटी छोटी वर्गणी जमवली. आमच्या सी.आर.पी. ताई म्हणाल्या, म्हणजे तिकडचे गट आणि ग्रामसंघच की! तसंच काहीसं. त्या पैशावर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढं धर्मांतराच्या वादावरून पुण्यात त्या संस्थेवर मोठं वादळ आलं. ते वादळ पुरतं खोटं होतं असं आम्ही म्हणत नाही. पण त्या शाळेत पाटी हातात घेणारी पहिली विधवा कोण होती ठाऊक आहे? गोदूबाई. आपल्याच कोकणची. पुढं 1893 साली, पुन्हा 11 मार्चलाच, त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. आणि कर्व्यांचा जन्म शेरवलीचा, खेड तालुक्यातला. म्हणजे आपला घाट उतरला की पलीकडे. बोस्टनच्या बायकांनी दिलेल्या वर्गणीतला एखादा पैसा असा घाटाखालच्या घरापर्यंत येऊन पोचला.

रमाबाईंनी आभार कसे मानले? परत येऊन मराठीत पुस्तक लिहिलं, तिकडच्या लोकांविषयी. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', 1889 चं. तिकडच्या बायका मंडळं कशी चालवतात, काय शिकतात, काय कमावतात, ते इकडच्या बायकांना सांगितलं. वाटी भरून परत दिली, पण दिली ती इकडच्या शेजारणीला.

आता पापडांची गोष्ट, जी आमच्या गटाला सगळ्यांत जास्त आवडली. महाडचं चवदार तळं तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच्या काही वर्षं आधी ते लंडनला शिकत होते. पैसे नाहीत. घरमालकीण सकाळी पावाचा तुकडा आणि जेमतेम काहीतरी द्यायची. दिवसभर ग्रंथालयात बसायचं, दुपारचं जेवण नाही. रात्री भूक असह्य व्हायची. त्यांच्या चरित्रात आहे की ओळखीच्या एकानं त्यांना पापडांची चवड दिली होती. रात्री ते चार पापड भाजून खायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. ते पापड कुणी लाटले होते, कुणास ठाऊक. कुठल्या तरी बाईनं अंगणात वाळत घातलेले, कावळ्यांपासून राखलेले. तिला काय माहीत ते कुठं पोचले.

आणि एक नाव सांगायलाच हवं. नवल भथेना. मुंबईकडचे पारशी. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा वसतिगृहात त्यांची गाठ पडली. ज्या माणसाला आपल्या देशात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्याच्याबरोबर हा गडी एका खोलीत राहिला आणि जन्माचा मित्र झाला. 1920 मध्ये अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब लंडनला परत निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली आणि भथेनांनी कर्जाऊ पैसे दिले. मैत्री दूरदेशी झाली, पण ती उपयोगी पडली मुंबईत परत आल्यावर.

हे सगळं बोलून झालं आणि मग आमच्यातली एक म्हातारी, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "दुसऱ्यांच्या दाराची गोष्ट झाली. आपल्या दाराचं काय?"

कुणाला ते नको होतं. पण ते सांगायचं ठरलंय, म्हणून सांगतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईहून चाकरमानी महामार्गानं चालत निघाले होते. पाठीवर बोचकी, कडेवर पोरं, पायांना फोड. घाट चढायच्या आधी सावलीला बसायचे. तेव्हा आम्ही आमच्या वाडीच्या वाटेवर बांबू आडवा बांधला होता. त्यातले काही तर आमच्याच वाडीचे होते. कुणाचा दीर, कुणाचा भाचा. आम्ही हंडा भरून वाटेवर ठेवायचो आणि मागं सरायचो. भाकऱ्या कागदात गुंडाळून दगडावर ठेवायचो. पाणी दिलं, नाही असं नाही. पण दार उघडलं नाही. एका बाईनं बांबूपलीकडून विचारलं होतं, की लेकराला पडवीत तासभर निजवू का. पोराला ताप होता. आम्ही नाही म्हणालो. ती पुढं चालू लागली. ती कुठली होती, पोचली की नाही, पोराचं काय झालं, आम्हांला माहीत नाही.

भय होतं, आजाराचं. ते भय खरं होतं. आम्ही स्वतःला फार दोषही देत बसत नाही. पण ताईंनी विचारलेला तोच प्रश्न त्या बाईच्या आईनं आपल्या गावी विचारला असेल, हे आता मनातून जात नाही. तिथं तिला पाण्याचा तांब्या कोण देईल?

पुढच्याच वर्षी, 2021 च्या जुलैत, सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, घराघरात चिखल झाला. तळिये गावावर डोंगर आला. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. तेव्हा कुठून कुठून माणसं आली. टेम्पो भरून चादरी, भांडी, तांदूळ. खालांचं दुकान पाण्यात गेलं होतं. त्यांच्या घरातला गाळ काढायला घाटावरून आलेली कॉलेजची पोरं चार दिवस राबली. त्यांची नावं खालांनी विचारली नाहीत, आणि आता त्याची हळहळ करतात. जुम्म्याला जेवायला बोलवायला नंबरसुद्धा नाही, म्हणतात.

तर आमच्या पत्राचं. शेवटी लिहिलं. मराठीतच लिहिलं, आमच्या शिकलेल्या मैत्रिणीनं, आणि सगळ्यांनी सांगून सांगून तिचा जीव खाल्ला. लेकीनं ते हिंदीत करून मैत्रिणीला सांगितलं, तिनं आपल्या भाषेत करून आईला फोनवर वाचून दाखवलं. तीन भाषा ओलांडून काय उरलं असेल कोण जाणे. पत्रात आभार हा शब्द नाही. आमची पेज कशी करतात ते आहे, उकडे तांदूळ किती वेळ शिजवायचे, त्यात ओलं खोबरं घालतात की नाही यावर आमच्यातच एकमत नाही हे आहे, आणि तुमची लेक ती आमची लेक, इतकंच शेवटी. बरोबर सुट्टीवरून परत जाणाऱ्या खालांच्या भाच्याकडे पार्सल दिलं. गटाचे नाचणीचे पापड, कोकमं आणि फणसपोळी. कोकमावरून तिकडे घोळ झाला. त्यांच्याकडे माशाच्या कालवणात घालतात ती आंबट फोड निराळी, काळी, धुरी दिलेली. त्या माऊलीनं आमची कोकमं तशीच घातली आणि कालवण लाल झालं. घरचे सगळे बघायला आले, म्हणे. फणसपोळी मात्र ओळखली. त्यांच्याकडेही फणस आहे, चिक्कार.

आता खबर अशी आहे की मे महिन्यात लेक सुट्टीवर येणार आहे, आणि ती मैत्रीण केरळला जायच्या आधी चार दिवस आमच्याकडे येते म्हणते. कोकण रेल्वेची गाडी खेडला थांबते, तिथून पुढं तिला तशीच घरी जाता येईल. बोगद्यातून आता घाट दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. पण लेक म्हणते तिला जुन्या घाटानंच आणायचं, वळणं दाखवायची.

बैठकीत कामं वाटली. पडवी सारवायची, गादी कुणाची, पंखा कुणाचा. तिच्या घरी मासे लागतात, आणि आमच्या निम्म्या घरांत शनिवार-सोमवार मोडत नाही. तर ज्या घरात चालतं तिथं तिचं जेवण ठरलं, एकीनंही नाक मुरडलं नाही. ताईंनी सांगून ठेवलंय, तिला बळजबरीनं साडी नेसवायची नाही, देवळात चल म्हणायचं नाही, ती म्हणाली तरच न्यायचं. खालांनी दुसऱ्या दिवसाचं जेवण आपल्याकडे लावून घेतलंय. ते बिर्याणीचं आहे, म्हणून त्या दिवशी सोबत जायला आमच्यातल्या सगळ्याच तयार आहेत.

म्हातारी म्हणाली, मी पेज करीन. तिला सांगितलं, अगं मे महिना आहे, पोर चार दिवसांची पाहुणी, तिला पेज कसली देतेस. म्हातारी ऐकत नाही. तांदूळ आत्ताच वेगळे काढून ठेवलेत तिनं, लाल बोंडाचे. आणि मुंबईहून येणाऱ्या गाडीला पोलादपूरच्या स्टँडवर कोण जाणार, हे अजून ठरायचंय.